कावेरीतील वशिंडाचा मासा

कावेरीच्या खोऱ्यात महसीर माशाची एक महाकाय जात आढळते. पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा आणि नारिंगी पर ही तिची ओळख. १९४६ साली कबिनी या उपनदीत गळाला लागलेले एक धूड १२० पौंड भरले होते! पावसाळ्यात नदी फुगली म्हणजे महसीर प्रवाहाविरुद्ध चढून जातात आणि वरच्या गोटाळ पात्रात अंडी घालतात.

इतक्या प्रख्यात माशाला २०१८ पर्यंत शास्त्रात निश्चित नाव नव्हते. जे चिकटले होते ते वस्तुतः दुसऱ्याच माशाचे निघाले. मधल्या काळात, महसीर कमी होत आहेत म्हणून, लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढविलेली बोटुकली सद्‌हेतूने कावेरीत सोडण्यात आली. परंतु ती निळ्या परांच्या महसीराची होती. सायक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून वर्णिलेली ती जात. पाहुणा फोफावला आणि घरचा मासा दिसेनासा होऊ लागला.

आम्हां कोकणी माणसांना मासा पाहताक्षणीच ओळखल्याचा मोठा अभिमान! परंतु महसीराचा रंग आणि आकार वयाप्रमाणे व पाण्याप्रमाणे पालटतो. तेथे डोळा फसतो. डीएनए मात्र पालटत नाही. पराचा नखाएवढा तुकडा कापून घेतला तरी पुरतो. मासा जिवंतच पाण्यात परत जातो. त्या तुकड्यातील डीएनएच्या ठरावीक भागातील अक्षरक्रम ताडून पाहावयाचा. याच आनुवंशिक खुणा. मोयार नदीतील वशिंडाच्या माशांच्या खुणा केरळातील पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णिलेल्या ‘टॉर रेमादेवी’ या जातीशी जुळल्या. पांबारचे पाणीही अखेर कावेरीलाच मिळते. नाव ठरले आणि त्याच वर्षी, २०१८ मध्ये, आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत हा मासा ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. नावावाचून ती नोंद कशी व्हावी?

येथे एक बारकावा आहे. पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए केवळ मातेकडून येतो. त्यामुळे आई वशिंडाची व बाप निळ्या परांचा असला, तर एवढ्याच परीक्षेत संकर शुद्ध ठरेल! त्यासाठी, माता व पिता या दोघांकडून येणाऱ्या, पेशीकेंद्रातील खुणाही तपासाव्या लागतात. मोयारमधील माशांची वीण करावयाची झाल्यास नरमाद्यांची ही दुहेरी तपासणी आधी व्हावयास हवी. आणि त्यांची बोटुकली सोडण्यासाठी, निळ्या परांचा पाहुणा जेथे पोहोचलेला नाही, असा पाण्याचा टप्पा कावेरीच्या खोऱ्यात शोधावा लागेल.