शिगेचे माप : पेठच्या आठवडे बाजाराचा एक अभ्यास

ग्राहक आणि विक्रेता हे दोन वेगळे पक्ष असून त्यांच्या सौद्यातून किंमत ठरते, असे आपण अर्थशास्त्रात शिकतो. पेठसारख्या डोंगराळ, आदिवासी तालुक्याच्या आठवडे बाजारात मात्र हे दोन्ही पक्ष एकाच माणसात दिसतात. सकाळी तो विक्रेता असतो आणि दुपारी तोच ग्राहक होतो. लहानपणापासून मी आई-बाबांबरोबर बाजाराला जात आले आहे. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच, म्हणून आता हिशेबाची वही माझ्याकडे आली आहे. ती लिहिताना जे ध्यानात आले, ते येथे मांडते.

प्रथम, आम्ही विकतो काय? दिवाळीच्या सुमारास भात, नागली, वरई, उडीद घरात येतात. उन्हाळ्यात करवंदे असतात. पण आई पोतेभर धान्य कधीच बाजारात नेत नाही. त्या दिवशी जे घ्यायचे असेल तेवढ्यापुरत्या दोन-तीन पायल्या पिशवीत भरते. त्या विकल्या की त्याच पैशांतून तेल, मीठ, मिरची, सुकी मासळी आणि धाकट्या भावाच्या वह्या येतात. म्हणजे घरातली कणगी हीच आमची बँक, आणि बाजाराचा दिवस हा पैसे काढण्याचा दिवस.

आता मापाकडे वळू. चार शेरांची एक पायली आणि सोळा पायल्यांचा एक मण, हे कोष्टक घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते. माप दोन तऱ्हांनी भरता येते : कडेपर्यंत सपाट, किंवा वर शीग चढवून. घेणाऱ्याने शीग लावून घेतले आणि विकताना त्यानेच वरून हात फिरवून सपाट दिले, तर शेरामागे एका मुठीचा फरक पडला असे धरू. मणाचे शेर होतात चौसष्ट. म्हणजे मणामागे चौसष्ट मुठी नागली कोणाच्याही डोळ्यांवर न येता गेली! दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९६२ पासून ती सक्तीची झाली. पुढे २००९ चा वैध मापन कायदा आला. काट्यावर शीग चढत नाही, हा या कायद्यांचा गरिबाला झालेला मोठा फायदा. म्हणून बाबा नेहमी म्हणतात, "माप कुणाचं का असंना, आधी काट्यावर घाल."

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि तोच सर्वांत अवघड आहे. केंद्र शासनाने नागलीची आधारभूत किंमत २०१४-१५ मध्ये क्विंटलला १,५५० रुपये ठरवली होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती ४,८८६ रुपये आहे. अकरा वर्षांत ती तिपटीहून अधिक झाली. परंतु सरकारी खरेदीसाठी नोंदणी लागते, सातबारा लागतो, आणि पैसे मागाहून बँकेच्या खात्यात जमा होतात. मिठाची गरज तर त्याच संध्याकाळची असते. शिवाय कापणी आटोपली की तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. निघण्यापूर्वी हातात रोकड हवी, म्हणून धान्य सगळीकडे मुबलक असते नेमक्या त्याच वेळी ते विकावे लागते. गरजवंताला अक्कल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. मला ही म्हण पटत नाही. भाव पुढे वाढेल हे आईला पक्के ठाऊक असते. पण थांबण्याची सवड तिच्याजवळ नसते.

शासनाने हे दुखणे ओळखले नव्हते असे नाही. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय नाशिकलाच आहे. पावसाळ्यात उसने द्यायचे आणि सुगीत धान्य स्वस्तात उचलायचे, ही सावकारी रीत मोडण्यासाठी १९७६ चा आदिवासी आर्थिक स्थिती सुधारणा कायदा आला. त्यातून आदिवासींच्या मालाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि पावसाळ्यातल्या पोटापाण्यासाठी खावटी कर्ज देण्यात येऊ लागले. या दोन गोष्टींची जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते. नुसता भाव ठरवून भागत नाही. तो भाव मिळेपर्यंत चूल पेटती राहावी लागते, हे ज्यांनी खावटीची कल्पना काढली त्यांना उमगले होते.

मोठे उपाय मोठ्यांनी करावेत. आपण विद्यार्थी काय करू शकतो? एक, घरून निघण्यापूर्वी धान्य काट्यावर तोलून वजन लिहून न्यावे. दोन, पाड्यावरच्या चार-पाच घरांनी धान्य एकत्र करावे. पिशवीचे पोते झाले की सरकारी खरेदीला नेणे परवडते. तीन, दर बाजारी नागली, वरई, उडीद यांचे भाव आपल्या अर्थशास्त्राच्या वर्गाने टिपून ठेवावेत आणि महाविद्यालयाच्या फलकावर लावावेत. वर्षभर असे केले, तर कोणत्या महिन्यात विकण्याने किती पदरात पडते, याचा आपल्या तालुक्याचा स्वतःचा तक्ता तयार होईल. पहिले पान माझ्या वहीतले द्यायला मी तयार आहे.