न दुखणारी गाठ



आमच्या महिला मंडळातल्या मैत्रिणीला जाऊन वर्ष झाले. स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. पहिल्या स्मृतिदिनाला काय करावे, हे ठरवायला आम्ही तिच्याच घरी बसलो होतो. भोजनदान द्यावे, असे बऱ्याच जणींचे मत पडले. तेव्हा तिची मुलगी म्हणाली, "मावशी, आईने आठ महिने गाठ लपवली. ते सांगा ना बायकांना." म्हणून त्या दिवशी विहारात त्रिशरण-पंचशील झाल्यावर पंगतीऐवजी तपासणी ठेवली, आणि या महिन्याच्या आरोग्य पानावर तेच लिहीत आहोत.

तिला ती गाठ अंघोळ करताना हाताला लागली. हरभऱ्याएवढी, दाबली तरी न दुखणारी. दुखत नाही म्हणजे काही नाही, असे तिने धरले. त्यात मुलीची सोयरीक चाललेली. बाहेर कळले तर मोडेल ही भीती. पुरुष डॉक्टरांना छाती कशी दाखवायची, हा संकोच. कोणी सांगितले म्हणून लेपही लावून पाहिला. दर पौर्णिमेला ती आमच्या शेजारी वंदनेला बसत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. कातडी आत ओढली गेली तेव्हा तिने तोंड उघडले. तोवर रोग काखेच्याही पुढे गेला होता.

खरे सांगायचे तर आम्हालाही तेव्हा माहीत नव्हते की कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही हीच तर तिची फसवणूक. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, पण कोणती साधी आणि कोणती नाही हे हाताला कळत नाही. त्याला डॉक्टरच लागतो. गाठीखेरीज आणखी काही खुणा आहेत. कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड नव्याने आत जाणे, बोंडातून रक्त येणे, काखेत गाठ, एका स्तनाचा आकार बदलणे. यातले एकही दिसले तर पुढच्या पाळीची वाट पाहत बसू नका.

घरी बघायचे कसे? पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी, कारण तेव्हा स्तन मऊ असतात. आधी आरशासमोर हात वर करून पाहा. मग आडवे होऊन मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने, गोल फिरवत, आधी हलके आणि मग दाबून, गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत चाचपा. चिमटीत धरू नका, तसे केले तर सगळीच गाठ वाटते. पाळी गेलेल्यांना दिवस लक्षात राहत नाही. आम्ही त्यांना पौर्णिमा सांगितली. मात्र आपण बघितले म्हणजे झाले, असे नव्हे. प्रशिक्षित हाताची तपासणी वेगळी.

ती तपासणी किती उपयोगी पडते हे आपल्यासारख्याच वस्त्यांत पाहिले गेले आहे. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ साली मुंबईत एक मोठा अभ्यास सुरू केला. त्यात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रिया होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली, मशीन नाही. २०२१ साली निष्कर्ष छापले गेले. तपासणी झालेल्यांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंचा तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांची ही तपासणी आहे. आशाताईंना किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. गाठ सापडली तर सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी होते आणि सुईने तुकडा काढून तपासतात. सुई लावली की रोग पसरतो ही भीती खोटी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा, तिथे आरोग्यमित्र असतो.

आणखी एक. तिच्या आजारपणात एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली, "मागच्या जन्मीचे भोग." ते तिला गाठीपेक्षा जास्त लागले. संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात बुद्धांनी सांगितले आहे की दुखणी पित्ताने, कफाने, वाताने, ऋतू बदलल्यानेही होतात. सगळे पूर्वकर्मानेच घडते हे म्हणणे चूक आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त नाकारला आहे. आजारी बाईला असे बोलणाऱ्याने पांढरे वस्त्र नेसून काय उपयोग? हा रोग शिवल्याने होत नाही. तिचा पेला वेगळा ठेवू नका.

आमची एक चूक झाली. तपासणीच्या दिवशी पुरुषांना विहाराबाहेर बसवले. तपासताना बाहेर ठीक, पण माहिती ऐकायला तरी आत घ्यायला हवे होते. दवाखान्याचे भाडे आणि रजा त्यांच्याच हातात असते. शिवाय क्वचित पुरुषांनाही हा रोग होतो.

त्या दिवशी एकोणीस जणींनी तपासून घेतले. दोघींना गाठ होती. एकीची साधी निघाली. दुसरीचे उपचार चालू आहेत. केस गेलेत, पण पौर्णिमेला डोक्याला रुमाल बांधून ती विहारात येते, आणि आमच्या मैत्रिणीच्या जागी बसते.