कोरड्या कागदाचे गणित

ज्या कागदावर हे वार्षिक छापले आहे तो आपल्या हाती येतो तेव्हा कोरडा व हलका असतो. परंतु त्याचा जन्म होतो तो पाण्यात. बांबूच्या किंवा लाकडाच्या तंतूंचा लगदा यंत्राच्या जाळीवर सोडतात, तेव्हा त्याच्या १०० भागांत ९९ हून अधिक भाग पाणीच असते. हे पाणी काढताना इंधन किती जळते व ते कमी कसे करता येईल, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पाणी तीन टप्प्यांनी निघते. प्रथम ते जाळीतून गळते. मग ओला कागद जड रुळांमध्ये दाबून पिळला जातो. शेवटी उरलेले पाणी वाफेने तापविलेल्या पोकळ रुळांवर वाळवावे लागते. खरी मेख या तिसऱ्या टप्प्यात आहे. १ किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७० किलोकॅलरी उष्णता पुरते. त्याची वाफ करण्यास मात्र आणखी सुमारे ५४० लागतात. ही उष्णता कोळशातून घेतली, तर जळणाऱ्या दर १२ किलो कार्बनामागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो.

आता एक लहानसे गणित करून पाहू. १ किलो कोरडे तंतू घ्या. पिळल्यावर कागदात ४५ टक्के तंतू असतील, तर त्यांच्यासोबत १.२२ किलो पाणी उरते. तंतू ४६ टक्के झाले, तर १.१७ किलो. तयार कागदात ५ टक्के ओलावा ठेवावयाचा, म्हणून ०.०५ किलो वजा करा. वाळवावयाचे पाणी अनुक्रमे १.१७ व १.१२ किलो झाले. म्हणजे पिळण्यात एका टक्क्याची भर पडली की वाळवण्याचे काम सुमारे ४ टक्क्यांनी घटते.

मग कागद अधिकच जोराने का पिळू नये? कारण फार दाबल्यास त्याची जाडी घटते व तो चेपतो. शिवाय रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रावर प्रयोग करताना कागद तुटला, तर सारे काम खोळंबते. म्हणून आता अभियंते संगणकात त्या यंत्राची आकड्यांची प्रतिकृती उभारतात व प्रयोग आधी तिच्यावर करतात.

हिचे तत्त्व आपल्या अंकगणितातील हौदाच्या उदाहरणाहून निराळे नाही. एका नळाने किती आले, दुसऱ्याने किती गेले, आत किती उरले, हाच हिशेब येथे पाणी, तंतू व उष्णता यांचा मांडतात. वाफेचा दाब, रुळांचे तापमान, यंत्राचा वेग व कागदाचा ओलावा ही मापे तिला पुरवितात. मग तिला प्रश्न विचारता येतात. वाळवणीतून बाहेर पडणाऱ्या उष्ण, दमट हवेने आत येणारी हवा तापविली तर? कोळशाच्या वाफेऐवजी विजेवर चालणारा उष्णता-पंप वापरला तर?

मात्र दोन गोष्टींचे भान हवे. ओलावा मोजणारे उपकरणच चुकत असेल, तर प्रतिकृतीचे उत्तरही चुकणार. म्हणून ते प्रत्यक्ष यंत्राशी वारंवार ताडून पाहावे लागते. दुसरे असे, की पंपाची वीज कोळशापासूनच आली, तर धूर एका धुराड्यातून दुसऱ्यात गेला एवढेच. हिशेब कारखान्याच्या कुंपणापाशी थांबवून चालत नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. बेळगावच्या शेजारील उत्तर कन्नड जिल्ह्यात, काळी नदीच्या काठी, दांडेलीची कागद गिरणी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरची आहे. भारताने २०१२ साली उद्योगांना ऊर्जाबचतीची उद्दिष्टे नेमून देणारी योजना सुरू केली, तीत कागदाचा उद्योगही होता. पुढे २०२१ साली, देशाचे निव्वळ कार्बन-उत्सर्जन २०७० पर्यंत शून्यावर आणण्याचा संकल्प जाहीर झाला. त्या वर्षी आजचे विद्यार्थी साठीच्या आसपास असतील. तोवरचे बरेचसे काम त्यांनाच करावयाचे आहे. हौदाचे गणित कंटाळवाणे म्हणून वगळणाऱ्या विद्यार्थ्याने ते एकदा पुन्हा, शेवटच्या थेंबापर्यंत, सोडवून पाहावे.