मोबाइलचा पहिला नंबर कुणाचा?

हिंदुस्तान कॉपरची तांब्याची खाण १९८२ साली मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडला सुरू झाली आणि तिच्या मागोमाग गोंदिया-भंडाऱ्याकडची कितीतरी मराठी घरं इथे आली. आमचं त्यांपैकीच एक. वडील खाणीत होते, मी बाजारात मोबाइलचं दुकान चालवतो. खाणीतले कामगार, ठेकेदारांचे ड्रायव्हर, बिरसा-बैहरचे धानवाले शेतकरी आणि आसपासच्या गोंड-बैगा वस्त्यांतली, पहिला फोन घ्यायला आलेली पोरं हे माझं गिऱ्हाईक. यांतले बरेच जण आल्या आल्या विचारतात, "भाऊ, सध्या नंबर एकला कोणती कंपनी आहे?" धानाच्या नाहीतर तेंदूपत्त्याच्या पैशांतून दहा-बारा हजार काढून ठेवणाऱ्या माणसाच्या या प्रश्नाला अर्धवट उत्तर देणं मला पटत नाही. म्हणून कंपन्यांच्या विक्रीचे आकडे मी मन लावून वाचतो. वाचता वाचता जे उमगलं, ते इथे लिहितो.

१. आकडा कोणत्या दारात मोजला, हे आधी विचारा.

आमच्या धंद्यात विक्री तीनदा होते. कंपनीने डिस्ट्रीब्युटरला माल दिला की ती प्रायमरी, डिस्ट्रीब्युटरने दुकानदाराला दिला की सेकंडरी, आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला की टर्शरी. बाजाराची मोजणी करणाऱ्या आयडीसी, काउंटरपॉइंट, कॅनालिस या संस्थांचे स्मार्टफोनचे जे आकडे पेपरात येतात (या लेखात फोन म्हणजे स्मार्टफोनच), ते बहुतेक पाठवलेल्या मालाचे, म्हणजे शिपमेंटचे असतात. बातमीत मात्र "इतके फोन विकले" असं छापून येतं. महिनाअखेरीला टार्गेट पुरं करायला जो माल आमच्याकडे ढकलला जातो, तो मोजणीत कधीच जमा झालेला असतो. इथे मात्र तो काचेच्या कपाटात पडून राहतो आणि किंमत उतरली की आमच्या पोटात गोळा येतो.

खाणीच्या गावाला हे समजावून सांगावं लागत नाही. खोदलेला दगड, त्यातून काढलेलं सांद्र (कॉन्सन्ट्रेट) आणि त्या सांद्रातलं तांबं, असे तीन वेगळे आकडे असतात. इथल्या खनिजात तांबं शेकडा एकाच्या आसपास. दगडाच्या टनांवरून कुणी तांब्याची बढाई मारली, तर आमच्या वसाहतीतलं शाळकरी पोरही त्याला थांबवेल. मोबाइलच्या बाबतीतही तसंच थांबवायला हवं.

२. एकाच तिमाहीत दोन पहिले नंबर असू शकतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०१४ घ्या. कॅनालिसने सांगितलं की भारतात मायक्रोमॅक्स २२ टक्क्यांवर आणि सॅमसंग २० टक्क्यांवर आहे. आपल्या देशातली कंपनी पुढे गेली, म्हणून तेव्हा मोठा आनंद झाला होता. त्याच तिमाहीसाठी आयडीसीने सॅमसंगला २२ टक्के आणि मायक्रोमॅक्सला १८ टक्के दिले. देश तोच, महिने तेच, उत्तरं मात्र उलटी.

तीन वर्षांनी तसंच झालं. २०१७ च्या शेवटच्या तिमाहीत शाओमी सॅमसंगच्या पुढे गेल्याचं या संस्थांनी सांगितलं. कॅनालिसच्या हिशेबात शाओमीचे सुमारे ८२ लाख फोन होते, सॅमसंगचे ७३ लाख. सॅमसंगने ते मानलं नाही. गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलेली विक्री मोजणाऱ्या जीएफके या संस्थेचा दाखला देऊन पुढे आपणच आहोत, असं त्या कंपनीने सांगितलं. यात कुणी खोटं बोलत होतं, असं मी म्हणत नाही. एकाने गोदामाच्या दारात मोजलं, दुसऱ्याने दुकानाच्या. शिवाय २०१४ मध्ये कॅनालिसने सांगितलं तसलं दोन टक्क्यांचं अंतर अंदाजाच्या खेळात फार थोडं असतं. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच संस्थेचे घ्यावेत, हा नियम मी कधी मोडत नाही.

३. बहुतेक आकडे अंदाज आहेत.

किती फोन गेले हे जिला नेमकं ठाऊक आहे, ती कंपनी ते बहुधा सांगत नाही. सॅमसंगने फोनची संख्या जाहीर करणं २०११ मध्ये बंद केलं. आयफोनची संख्या यापुढे देणार नाही, असं ॲपलने १ नोव्हेंबर २०१८ रोजी सांगून टाकलं. त्यानंतरचे आकडे सर्वेक्षण करणाऱ्यांनी कारखाने, वितरक आणि दुकानं धुंडाळून बांधलेले आहेत. त्यांची मेहनत खरी आहे, आणि मागच्या तिमाहीचा आकडा ते पुढे दुरुस्तही करतात. पेपरात दुरुस्ती क्वचितच येते.

४. एक पुढे गेला की दुसरा मागे पडला, हे तपासा.

२०२३ मध्ये जगात ॲपल पहिल्यांदा वर्षभराच्या हिशेबात सॅमसंगच्या पुढे गेलं. आयडीसीचे आकडे असे: ॲपल २३.४६ कोटी, सॅमसंग २२.६६ कोटी. आदल्या वर्षी ॲपल २२.६३ कोटी आणि सॅमसंग २६.२२ कोटी होतं. वजाबाकी करून पाहा. ॲपलचे फोन ८३ लाखांनी वाढले, तर सॅमसंगचे ३ कोटी ५६ लाखांनी घटले. मथळे ॲपलच्या विजयाचे आले. आकडे मात्र मुख्यतः सॅमसंगच्या घसरणीचं सांगतात, आणि त्या वर्षी सगळा बाजारच ३ टक्क्यांहून जास्त आक्रसला होता. २०२४ मध्ये ॲपलचे फोन थोडे कमी झाले, २३.२१ कोटींवर आले, तरी पहिला नंबर कायम राहिला. नंबर आणि वाढ यांचं नातं इतकं सैल असतं.

५. तुलना करताना पंचांग जवळ ठेवा.

२०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेलं. मग या ऑक्टोबरची त्या ऑक्टोबरशी तुलना करून "मागणी घसरली" म्हणण्यात काय अर्थ? शिवाय दिवाळीचा माल कंपन्या जुलै-सप्टेंबरमध्येच भरून ठेवतात, त्यामुळे पाठवणीची तिमाही एक आणि विकण्याची दुसरी. आमच्या भागात तर दिवाळीइतकंच वजन डिसेंबर-जानेवारीत सरकारी खरेदीच्या धानाचे पैसे खात्यात येतात त्या दिवसांना आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम मे-जूनचा. मुंबई-दिल्लीच्या तक्त्यात हे दोन्ही दिसत नाहीत.

आणि टाळेबंदी विसरू नका. एप्रिल-जून २०२० मध्ये आयडीसीच्या हिशेबात देशात १.८२ कोटी फोन गेले, आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत ३.४ कोटी गेले आणि ८६ टक्के वाढीची बातमी आली. खड्ड्यातून सपाटीवर येण्याला तेव्हा चढण म्हटलं गेलं.

६. एका कंपनीत किती नावं धरली, ते पाहा.

काउंटरपॉइंट जगाच्या यादीत २०२१ पासून वनप्लसला ओप्पोत मिळवतं. आयडीसी भारताच्या यादीत वनप्लस वेगळं दाखवतं, पोकोला शाओमीपासून आणि आयक्यूला विवोपासूनही अलग ठेवतं. बेरीज बदलली की क्रम बदलतो. तक्त्याखालच्या बारीक अक्षरांतली तारांकित टीप आधी वाचावी, तक्ता नंतर.

७. नग आणि रुपये वेगळे.

२०२४ मध्ये भारतात आयडीसीच्या मोजणीप्रमाणे सुमारे १५.१ कोटी फोन गेले आणि नगांत विवो पहिली राहिली. ॲपलचे त्यांत सुमारे १.२ कोटी, म्हणजे शंभरात आठ. तरी काउंटरपॉइंटच्या हिशेबात रुपयांत पहिली ॲपल. दोन्ही खरं आहे. माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या कामाचा आकडा मात्र तिसराच असतो: पंधरा हजारांच्या आत कोण पुढे आहे? तो जाहिरातीत कधी येत नाही.

८. गल्ल्यावर दिसतं तेवढाच बाजार नसतो.

२०२३ मध्ये आयडीसीच्या हिशेबात देशातले जवळपास निम्मे फोन ऑनलाइन गेले. ते मलाजखंडलाही कुरिअरने येतात आणि माझ्या बिलबुकात त्यांची नोंद होत नाही. बालाघाटचे कितीतरी लोक गोंदियाच्या बाजारात फोन घेतात. विक्री महाराष्ट्राच्या खात्यात पडते आणि फोन वापरला जातो मध्य प्रदेशात. छत्तीसगडची हद्दही इथून लांब नाही. तीन राज्यांच्या या कोपऱ्यात राज्यवार आकड्याला मी फारसा भाव देत नाही.

मग कुणाचे फोन लोकांच्या खिशात आहेत, हे कळावं कसं? मला सगळ्यात उपयोगी पडली ती कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासची विक्री. फोन ऑनलाइन घेतलेला असो, गोंदियातून आणलेला असो की भावाने पुण्याहून पाठवलेला, काच लावायला माणूस जवळच्याच दुकानात येतो. कोणत्या मॉडेलची कव्हरं संपतात, ते मी वहीत लिहून ठेवतो. दुसरी वही दुरुस्तीची. स्क्रीन बदलायला, चार्जिंगचा जॅक बसवायला, बॅटरी टाकायला कोणते फोन येतात आणि ते किती जुने असतात, हे तिच्यात असतं. कपाटातल्या नव्या मॉडेलांशी या दोन वह्यांचा मेळ फार थोडा बसतो, कारण इथे एक फोन तीन-चार वर्षं वापरतात, बापाचा मुलाकडे आणि मुलाचा आजीकडे जातो. तिमाहीची विक्री यातलं काहीच सांगत नाही. कोणता माल मागवायचा हे मी आता या वह्यांवरून ठरवतो, कंपनीच्या माणसाने दाखवलेल्या तक्त्यावरून ठरवत नाही.

९. आजचा नंबर उद्याची हमी देत नाही.

२०१४ च्या त्या वादानंतर दोनच वर्षांनी, २०१६ च्या अखेरच्या तिमाहीत, भारतातल्या पहिल्या पाच कंपन्यांत एकही भारतीय नाव उरलं नव्हतं. एलजीसारख्या नावाजलेल्या कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये मोबाइलचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. फोन घेणाऱ्याला मात्र पुढची तीन-चार वर्षं काढायची असतात. इथून बालाघाट नव्वदेक किलोमीटर. स्क्रीनसाठी तिथे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि खासगी बसचं भाडं. मूळ भाग मिळत नाही म्हणून चांगला चालणारा फोन टाकून देणारी माणसं मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. फोनमध्ये तांबं आहे, आणि ते खाणीतून काढायला किती दगड फोडावा लागतो, हे या गावाने डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मला हवा असलेला आकडा विक्रीचा नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनसाठी सुटे भाग सात वर्षं मिळालेच पाहिजेत, असा नियम केला आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल दिला. फोन किती सहज दुरुस्त होतो, याचे गुण गिऱ्हाइकाला विकत घेतानाच कळावेत, हा त्यामागचा विचार. तो लवकर अमलात यावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. तोवर फोन घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात आहे, मूळ स्क्रीन केवढ्याला पडेल आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळतील. उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्या दुकानात जा.