पेशीचा अंगठा आणि मावशींचा रिपोर्ट

धायरीच्या वस्तीत रविवारी वंदना झाल्यावर एक मावशी रिपोर्ट घेऊन आमच्याजवळ आल्या. गर्भाशयाच्या तोंडाशी पेशींत बदल, एचपीव्ही पॉझिटिव्ह, असे त्यात होते. एका दवाखान्यात त्यांना ‘पिशवी काढून टाका’ एवढेच सांगितले होते. "सिस्टर, पेशीत बदल म्हणजे काय, ते कुणी सांगेना," मावशी म्हणाल्या.

एका पेशीच्या दोन व्हायच्या असतील तर आधी तिच्यातल्या डीएनएची पूर्ण नक्कल व्हावी लागते. ४६ तुकड्यांत मिळून हा धागा सुमारे दोन मीटर भरतो. एका टोकापासून सुरुवात केली तर आठवडेच्या आठवडे जातील. म्हणून हजारो जागांवरून काम सुरू होते आणि साधारण आठ तासांत आटोपते. सुरुवातीची जागा धरून बसतो तो ओआरसी, सहा प्रथिनांचा गट. मग सीडीसी६ आणि सीडीटी१ ही प्रथिने तिथे एमसीएमची कडी चढवतात. एमसीएम म्हणजे बॅगेच्या चेनचा रनर समजा. तो सरकला की धाग्याचे दोन पदर सुटतात आणि प्रत्येकासमोर नवा पदर तयार होतो.

हे एका फेरीत एकदाच व्हायला हवे. रेशनच्या मशीनवर अंगठा लावून धान्य उचलले की त्या महिन्यात पुन्हा मिळत नाही, तसेच. नक्कल सुरू झाली की जेमिनिन नावाचे प्रथिन सीडीटी१ला धरून ठेवते, नवी कडी चढू देत नाही. पेशी विभागताना जेमिनिन नष्ट होते, मग पुढचा महिना. आणि ज्या पेशी वाढून थांबल्या, त्यांच्यात एमसीएम, सीडीसी६ जवळजवळ उरतच नाहीत. त्यांचे कार्डच बंद.

गर्भाशयाच्या तोंडावरच्या वरच्या थरातल्या पेशी अशा थांबलेल्या असतात. एचपीव्हीचे ई७ प्रथिन पेशीचा ब्रेक निकामी करते आणि बंद कार्ड पुन्हा चालू होते. केंब्रिजच्या संशोधकांनी १९९८ मध्ये सीडीसी६ आणि एमसीएम५ यांच्या खुणेवरूनच बिघडलेल्या पेशी ओळखून दाखवल्या. मावशींच्या रिपोर्टमधला ‘बदल’ तो हाच.

बदल म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक बायकांत हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिला तरच धोका, आणि कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात. तो शरीरसंबंधातून येतो, कधी आला ते कळत नाही. त्यावरून घरात बाईला बोल लावणाऱ्यांना आमचे सांगणे, गप्प बसा.

वेळेत तपासणीचा उपयोग किती, ते आपल्याच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याने दाखवले. तिथे १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली निकाल आला. एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या सुमारे ३४ हजारांच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या सुमारे ३१ हजारांत ६४.

पॉझिटिव्ह आल्यावर पुढची पायरी कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पाहणे. गरज वाटली तर छोटा तुकडा तपासतात. कॅन्सरआधीचा बदल निघाला तर बहुधा तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढता येतो. पिशवी काढायला सांगितले तर तुकड्याचा रिपोर्ट मागा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लस आहे. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक २०२३ पासून मिळते. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे वयात तपासणी लागतेच.

मावशींबरोबर आम्ही कोल्पोस्कोपीला जाणार आहोत. त्यांच्या दोघी सुनाही तपासणीसाठी यायला तयार झाल्या आहेत.