बालकाचा वंक्षणशूल : काळाचे भान

जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की चिखलात अनवाणी वावरणाऱ्या मुलांच्या जांघेत गाठ येणे नवलाचे नसते. पायात काटा रुतलेला असतो, जखम पिकलेली असते आणि माता निदान करूनच येते : ‘अवधान आलं जी.’ बहुधा ते खरेही असते. श्लीपदाचा शोथ ज्वरासह वंक्षणातून आरंभ पावतो असे माधवनिदानात आहेच. आपला प्रदेश हत्तीपायाचा असल्याने अशा वेळी रात्रीची रक्ततपासणी करून घेणे युक्त.

मात्र याच सवयीने आमच्या हातून एकदा प्रमाद घडला. तेरा वर्षांचा मुलगा, पहाटेपासून ओटीपोटात शूल, दोनदा वांती. आम्ही उदर तपासले, हिंग्वाष्टक चूर्ण दिले. चड्डी उतरवून पाहिले नाही. मुलगा लाजत होता, आम्हीही आग्रह धरला नाही. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेत पीळ पडलेला वृषण काढावा लागला.

वृषणरज्जूस पीळ पडताच रक्तप्रवाह खुंटतो. सुमारे ६ तासांच्या आत तो सोडविल्यास वृषण बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने मावळते. वंक्षण व वृषण यांमधील विटप मर्माच्या आघाताने षांढ्य वा अल्पशुक्रता येते, हे सुश्रुताचार्यांचे वचन आपण सारेच शिकलो आहोत. पाहण्याचा संकोच मात्र सुटत नाही. अकस्मात, एका बाजूचा तीव्र शूल, वांती, वर ओढलेला वा आडवा झालेला वृषण, आणि मांडीच्या आतून हलके बोट फिरविले असता त्याचे वर न सरकणे, ही लक्षणे पीळ सुचवितात. (तो सरकला तरी पीळ नाहीच, असे म्हणता येत नाही.) मग तैल नको, स्वेद नको, काढाही नको, भुलीसाठी पोट रिकामे हवे. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० कि.मी.; पवनी-लाखांदूरच्या खेड्यातून निघाल्यास वेळ वाटेतच सरतो. म्हणून शस्त्रक्रिया कोठे होईल हे आधी दूरध्वनीवर विचारावे आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

आत न जाणारी, कठीण व दुखरी अंत्रवृद्धीही त्याच दिवशी पाठवावी. मुलींतही ती असते.

वृषण निर्दोष असेल तर खुब्याचा सांधा पाहावा. ज्वर असून मूल पाय टेकवीत नसेल तर सांध्यात पू झाल्याची शंका घेऊन तत्काळ पाठवावे. ज्वर नाही, पण आठवडाभर लंगडणे आहे, किंवा नुसता गुडघाच दुखतो असे मूल सांगते, तेव्हा खुब्याची क्ष-किरण तपासणी करावी. सिकलसेलग्रस्त मुलांत खुब्याच्या अस्थीचा रक्तपुरवठा खुंटून असेच दुखते आणि आरंभी क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. तरीही त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.