पूरकाठच्या गावाची होडी : मोठी किती असावी?

कृष्णेच्या काठी होडी ही नवलाची वस्तू नाही. सांगली-मिरजेच्या परिसरात होड्यांच्या शर्यतींची जुनी परंपरा आहे. गुळाची काहील पुराच्या पाण्यात लोटून माणसे व जनावरांची वैरण ने-आण करणारे लोक जुन्या पिढीने पाहिले आहेत. तथापि २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या महापुरांनी एक प्रश्न गावोगावच्या ग्रामपंचायतींपुढे उभा केला. गावाने स्वतःची यांत्रिक होडी घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर ती केवढी असावी? या प्रश्नाचे उत्तर बहुधा "जमेल तेवढी मोठी" असे दिले जाते. हे उत्तर कितपत बरोबर आहे, ते येथे तपासावयाचे आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. वरून कोयनेचे आणि वारणेचे पाणी, खाली हळूहळू ओसरणारी नदी, अशा स्थितीत हरिपूरच्या संगमापासून म्हैसाळपर्यंतचा पट्टा जलमय झाला. कोल्हापूरजवळ शिरोली येथे पाणी आल्यामुळे पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथे असते. रस्ते बुडाले म्हणजे अशा दलांना पोहोचावयास वेळ लागतो, आणि पहिले काही तास गावाला स्वतःच्या साधनांवर काढावे लागतात.

त्याच पुरात, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना बाहेर काढणारी होडी उलटली. डझनाहून अधिक माणसे, त्यांत स्त्रिया व मुलेही, मृत्युमुखी पडली. त्या घटनेची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु पूरकाठच्या प्रत्येक सदस्याने तिच्यापासून एक प्रश्न अवश्य घ्यावा : आपल्या होडीत किती माणसे बसू शकतात हा नव्हे, तर किती माणसे बसविल्यावर ती होडी सुरक्षित राहते, हा.

पाण्याचा हिशेब

होडी जेवढे पाणी बाजूस सारते तेवढ्याच वजनाचा भार ती उचलते, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत शिकविला जातो. शिक्षकांनी तो पुढील उदाहरणाने सांगितल्यास विद्यार्थ्यांच्या व पालकांच्याही कायमचा स्मरणात राहील.

समजा, एक होडी ५ मीटर लांब व १.८ मीटर रुंद आहे. पुढचे टोक निमुळते असल्यामुळे पाण्याला टेकलेले तिचे क्षेत्र सुमारे ६.७५ चौरस मीटर धरू. गोड्या पाण्याचे वजन घनमीटरला १,००० किलो असते. म्हणून अशी होडी १ सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे ६७ किलो भार लागतो. हे जवळजवळ एका प्रौढ माणसाचे वजन झाले. सूत्र सोपे आहे : एक माणूस चढला की काठ एका सेंटिमीटरने पाण्याजवळ येतो.

रिकाम्या होडीचा काठ पाण्यापासून ४५ सेंटिमीटर उंच आहे असे माना. दहा माणसे बसली की तो ३५ सेंटिमीटर राहील. तीस माणसे बसली तर १५ सेंटिमीटरच उरेल. आता होडी एका बाजूला दहा अंश कलली असे समजा. एक प्रवासी घाबरून उठला, चौघे एकाच बाजूला झुकले, किंवा प्रवाहाने तिरका धक्का दिला, तर एवढा कल सहज येतो. १.८ मीटर रुंदीच्या होडीचा काठ त्यामुळे सुमारे १६ सेंटिमीटर खाली जातो. दहा माणसांच्या होडीत अजून १९ सेंटिमीटर शिल्लक असतील. तीस माणसांच्या होडीत मात्र पाणी आत येऊ लागेल. एकदा पाणी आत शिरले की ते कललेल्या बाजूकडेच धावते आणि कल वाढवीत जाते. हा हिशेब ढोबळ आहे, तरी धोका कोठे आहे ते दाखविण्यास पुरेसा आहे.

समुद्राची बोट आणि पुराची होडी

कोकण किनाऱ्यावरून किंवा गोव्याकडून वापरलेली मोठी बोट स्वस्तात मिळते, असा प्रस्ताव पंचायतीपुढे येऊ शकतो. खोल समुद्रात गळाने मासे धरण्याची हौस असणारे लोक ट्रेलरवरून नेता येईल अशी मोठी बोट घेतात. तिचा तळ मध्यभागी खोल व दोन्ही बाजूंनी उतरता असतो, कारण तिला लाटा कापावयाच्या असतात. इंजिन मोठे असते, कारण तिला पाण्यावर वेगाने सरकावयाचे असते. समुद्रासाठी हे सर्व योग्यच आहे.

पुराच्या पाण्यात परिस्थिती निराळी असते. येथे मोठ्या लाटा नसतात. पाण्याखाली कुंपणाच्या तारा, विहिरींचे कठडे, उभा ऊस, बाभळीच्या फांद्या आणि पडक्या भिंती असतात. गावाच्या गल्लीत पाणी दोन-अडीच फूटच असते. खोल तळाची बोट तेथे टेकते, आणि संथ पाण्यात उभी असता माणूस चढताच डोलते. सपाट किंवा किंचित उतरत्या तळाची, रुंद होडी अशा ठिकाणी अधिक स्थिर राहते व उथळ पाण्यात चालते. शिवाय समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे तीच बोट तेवढाच भार घेऊन नदीत थोडी अधिक बुडते.

होडी कशाची असावी याचाही विचार करावा. हवा भरण्याची रबरी होडी हलकी असते आणि लहान वाहनातून नेता येते, पण तार, पत्रा व काटे यांपासून तिला जपावे लागते. काचतंतूची होडी मजबूत असून तिची दुरुस्ती सोपी आहे. मात्र ती जड असते. ॲल्युमिनियमची होडी वजनाने हलकी आहे, पण तिच्या जोडकामास कुशल कारागीर लागतो. घट्ट तळाची कोणतीही होडी घेतली तरी तिच्या पोकळीत न बुडणारा फोम भरलेला असावा, म्हणजे पाणी भरले तरी ती तरंगत राहील व माणसांना धरावयास आधार मिळेल.

रस्त्यावरचे वजन

होडी कितीही चांगली असली तरी ती पाण्यापर्यंत पोहोचली नाही तर व्यर्थ आहे. मिरज शहराचा बराच भाग नदीपासून दूर व उंचावर आहे. कृष्णाघाट शहरापासून अंतरावर आहे. होडी उंच जागी ठेवावी आणि पाणी येईल तेथे ट्रेलरवरून न्यावी, ही व्यवस्था त्यामुळे मिरज तालुक्यास सोयीची आहे. पुरात पाण्याची कड रोज बदलते. काल जेथे रस्ता होता तेथे आज काठ असतो.

५ मीटरच्या होडीचे वजन ३५० किलो, इंजिन ७५ किलो, ३० लिटर पेट्रोल सुमारे २२ किलो, इतर सामान ५० किलो आणि ट्रेलर २५० किलो धरल्यास एकूण सुमारे ७५० किलो होतात. ६ मीटरच्या होडीसाठी हेच आकडे ६००, १००, ३७, ६० व ३५० धरले तर बेरीज ११५० किलोंच्या घरात जाते. लांबी एका मीटरने वाढली, पण ओढावयाचे वजन निम्म्याहून अधिक वाढले. युरोपात ७५० किलोंवरील ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असावा असा दंडक आहे. चिखलाच्या उतारावर त्याचे महत्त्व कोणासही पटेल. पाचशे किलोंपर्यंतची होडी आठ-दहा माणसे मिळून ट्रेलरवरून उतरवू शकतात. त्याहून जड होडीस पक्का उतार लागतो, आणि पुरात पक्का उतार सहसा पाण्याखाली असतो. ट्रेलर ट्रॅक्टरला जोडावयाचा असल्यास आडा, जोड आणि उंची आधीच जुळवून पाहावी. चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते, म्हणून प्रत्येक वापरानंतर त्यांत नवे ग्रीस भरावे.

एक मोठी की दोन मध्यम?

समजा, एका वस्तीतील ६४ माणसे एक किलोमीटरवरील सुरक्षित जागी न्यावयाची आहेत. होडीत दोन नावाडी व आठ प्रवासी, असे दहा जण बसतात. होडीचा वेग ताशी १५ किलोमीटर, प्रवाह ताशी ९ किलोमीटर. प्रवाहाविरुद्ध दहा मिनिटे, प्रवाहाबरोबर अडीच मिनिटे, आणि माणसे नीट चढविण्या-उतरविण्यास वीस मिनिटे धरली तर एका फेरीस साडेबत्तीस मिनिटे लागतील. आठ फेऱ्यांना सव्वाचार तासांहून अधिक वेळ होतो. हाच तो क्षण असतो जेव्हा काठावरील लोक "आणखी चार घ्या, शेवटची फेरी आहे" म्हणतात.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, दोन मध्यम होड्या. वेळ निम्मा होतो, एकीचे इंजिन बंद पडले तर दुसरी तिला ओढून आणते, आणि दोन्ही साध्या वाहनांमागून नेता येतात. दुसरा व अधिक महत्त्वाचा उपाय म्हणजे लवकर आरंभ. आयर्विन पुलाजवळ पाणी इशारा पातळीकडे चढू लागले की वृद्ध, गरोदर स्त्रिया व मुले यांना रस्त्यानेच हलवावे. होडी ही मागे राहिलेल्यांसाठी असते, सर्व गावासाठी नसते.

ठरावापूर्वी व ठरावानंतर

होडी खरेदीचा ठराव करताना ग्रामपंचायतीने पुढील बाबी लेखी नोंदवाव्यात.

१. निर्मात्याने प्रमाणित केलेली भारक्षमता किलोंमध्ये घ्यावी, आणि त्यातून इंजिन, इंधन व नावाडी वजा करून प्रवाशांची संख्या ठरवावी. ती संख्या होडीच्या दोन्ही बाजूंवर ठळक मराठी अंकांत रंगवावी.

२. जेवढी माणसे, तेवढी जीवरक्षक जाकिटे. त्यांत मुलांच्या मापाची वेगळी. जाकीट घातल्याशिवाय कोणासही होडीत घेऊ नये.

३. इंजिन फांद्यांत वा उसात अडकेल हे गृहीत धरून वल्ही, लांब बांबू, नांगर व दोर बरोबर असावेत. चालकाच्या मनगटाला बांधलेली, तो पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी अवश्य वापरावी.

४. यांत्रिक होडीस अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो; या अधिनियमाने १९१७ चा कायदा मागे पडला. नोंदणी व तपासणीबाबत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे खरेदीपूर्वीच विचारणा करावी.

५. दरवर्षी मे महिन्यात इंजिन चालवून पाहावे, आणि ठरलेल्या संख्येएवढी माणसे बसवून नदीत सराव करावा. सरावाच्या वेळी काठ पाण्यापासून किती उंच राहतो ते पट्टीने मोजून दप्तरात लिहावे.

हा शेवटचा आकडा फार उपयोगी पडतो. पूर आलेल्या रात्री काठावर गर्दी असते, ओळखीची माणसे हाका मारीत असतात, आणि नावाड्याला एकट्याने "नाही" म्हणणे अवघड जाते. होडीवर रंगविलेली संख्या आणि दप्तरात नोंदविलेली उंची ही ग्रामसभेची संमती असते. तिच्या आधाराने नावाडी दहाव्या माणसानंतर दोर सोडू शकतो, आणि अकराव्याला घ्यावयास अर्ध्या तासात परत येऊ शकतो.